हार्टलपूलच्या गोदींतलें मुंबईचें सागवान

परदेशीं जाऊन आलेला मराठी मनुष्य तेथील किल्ले, राजवाडे आणि पदार्थसंग्रहालयें यांचीं वर्णनें हौसेनें सांगतो, आणि घरचीं माणसें तीं तितक्याच हौसेनें ऐकतात. परंतु इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नांवाचें एक लहानसें बंदर आहे, त्याचें नांव या वर्णनांत सहसा येत नाहीं. लंडन पाहावयास गेलेल्या प्रवाशाला तें वाटेंत लागत नाहीं, आणि गांवांत भव्य म्हणावें असेंहि थोडेंच आहे. तरीहि मुंबई-पुण्याकडील माणसानें तेथें एकदां जावें, असें आम्हांस वाटतें. त्या गांवच्या गोदींत मुंबईंत जन्मलेलें, दोनशें वर्षांहून जुनें असें एक लढाऊ जहाज आजहि पाण्यावर तरंगत उभें आहे. त्याचें नांव 'त्रिंकोमाली'.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त न्यूकॅसल येथें राहतो. आम्ही, आमचे थोरले बंधु आणि वहिनी असे तिघे उन्हाळ्यांत त्याच्याकडे महिनाभर राहावयास गेलों होतों. एके रात्रीं जेवतांना त्यानें या जहाजाची गोष्ट काढली. दादांनीं शाळेंत तीसएक वर्षें इतिहास शिकविलेला. सन ऐकतांच त्यांचा घांस हातांतच राहिला.

"१८१७ सालचें इंग्रजांचें लढाऊ जहाज! अरे, त्याच सालीं खडकीच्या माळावर आपलें राज्य गेलें. आणि तें आम्ही तिकीट काढून पाहावयाचें?"

"बाबा, जहाज त्यांचें खरें," पुतण्या म्हणाला, "पण लांकूड आपलें आणि हातहि आपलेच. एकदां पाहून तर या."

वहिनींनीं "जाऊं या कीं, समुद्र तरी दिसेल," असें म्हटल्यावर बेत ठरला.

न्यूकॅसलहून निघालेली आगगाडी संदरलंड, सीहॅम अशीं गांवें घेत समुद्राच्या कडेकडेनें दक्षिणेस जाते. डाव्या हातास उत्तर समुद्राचें करड्या रंगाचें पाणी सारखें दिसत असतें. हा सारा मुलूख एके काळीं कोळशाच्या खाणींचा आणि जहाजें बांधणाऱ्या कारखान्यांचा होता. आतां खाणी बंद पडल्या आहेत, आणि हार्टलपूलचा जहाजें बांधण्याचा मोठा कारखानाहि १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच मिटला. स्टेशनावरून आम्ही पायींच निघालों. थोड्याच वेळांत घरांच्या छपरांवरून तीन उंच डोलकाठ्या दिसूं लागल्या, आणि इतका वेळ मुकाट्यानें चालणारे दादा पहिल्या प्रथम म्हणाले, "हें मोठें दिसतें रे!"

गोदीच्या चारी बाजूंस जुन्या काळच्या बंदरांतल्यासारखीं दुकानें व घरें मुद्दाम उभारलीं आहेत, आणि मधोमध पाण्यांत हें जहाज. काळें अंग, त्यावर लांबचलांब पांढरा पट्टा, आणि त्या पट्ट्यांत ओळीनें तोफांचीं दारें. जहाजाच्या नाळेवर लांकडांत कोरलेला एका पुरुषाचा पुतळा आहे. वहिनी त्याच्यापुढें थबकल्या आणि म्हणाल्या, "अगबाई, ह्यानें तर पागोटें घातलें आहे!" खरोखरच तो हिंदी मनुष्याचा पुतळा आहे. इंग्रजांच्या इतर जहाजांवर देव, राजे नि सिंह असत. मुंबईच्या या लेंकीला मात्र माहेरची खूण दिलेली दिसली.

हें जहाज ज्या जातीचें, तिला 'फ्रिगेट' म्हणतात. शिडांच्या काळांत जीं मोठीं लढाऊ जहाजें असत, त्यांवर तोफांचे दोन किंवा तीन मजले असत, आणि समोरासमोर रांगा धरून तीं लढत. फ्रिगेट त्यांच्याहून धाकटी व चपळ. तिच्या तोफांचा मुख्य मजला एकच. शत्रूचा माग काढणें, निरोप पोंचविणें, आपल्या व्यापारी जहाजांस सोबत करणें आणि शत्रूचीं धरणें, हीं तिचीं कामें. मराठी वाचकांस सांगावयाचें तर फौजेंत जें काम जासूद आणि हलकें घोडदळ करी, तें आरमारांत फ्रिगेट करी.

गंमत अशी कीं, या इंग्रजी जहाजाचा घाट मुळांत फ्रेंचांचा. ज्याक नोएल साने नांवाच्या फ्रेंच कारागिरानें आंखलेली 'हेबे' ही फ्रिगेट इंग्रजांनीं १७८२ सालीं लढाईंत पकडली. ती पाण्यांत इतकी सुरेख चाले कीं, त्यांनीं तिचीं मापें घेतलीं आणि त्याच रेषांवर १८०० सालीं 'लीडा' नांवाची स्वतःची फ्रिगेट पाण्यांत सोडली. पुढें त्याच नमुन्याचीं चाळिसांहून अधिक जहाजें निघालीं. शत्रूपासून चांगली गोष्ट उचलण्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं. 'त्रिंकोमाली' ही त्यांतलीच एक. तोफांच्या मजल्याची लांबी सुमारें १५० फूट, रुंदी ४० फूट, आणि वजन त्या काळच्या मोजणीनें १,०६५ टन. मुख्य मजल्यावर अठरा पौंडांचा गोळा फेंकणाऱ्या २८ तोफा; वरच्या अंगास बत्तीस पौंडांच्या आंखूड, पण जवळून भयंकर मारा करणाऱ्या १६; आणि पुढें लांब पल्ल्याच्या दोन, अशा एकूण ४६ तोफा. त्या चालविण्यास व शिडें सांभाळण्यास तीनशेंहून अधिक माणसें लागत.

आतां हें जहाज मुंबईस कां बांधलें, तें सांगूं. नेपोलियनशीं चाललेल्या युद्धांत इंग्रजांस जहाजें हवीं होतीं, आणि जहाजांस लागणारें ओकचें लांकूड इंग्लंडांत दुर्मिळ झालें होतें. घाईनें पाइनच्या जातीच्या लांकडाचीं कांहीं जहाजें त्यांनीं बांधलीं, तीं थोड्याच वर्षांत कुजलीं. इकडे मलबारच्या रानांतलें सागवान होतें. सागाच्या अंगांत नैसर्गिक तेल असतें. त्यामुळें तो पाण्यानें लवकर कुजत नाहीं, त्यास कीड सहसा लागत नाहीं, आणि त्यांत ठोकलेला लोखंडी खिळा टिकून राहतो. उलट ओकच्या अंगचा आम्ल रस लोखंडाला खातो.

लांकडाइतकेच मोलाचे होते मुंबईचे कारागीर. लवजी नसरवानजी हे पारशी सुतार १७३६ सालीं आपल्या कांहीं कसबी सोबत्यांसह सुरतेहून मुंबईस आले. जहाजें बांधण्याच्या धंद्यावरूनच या घराण्यास 'वाडिया' हें नांव पडलें. १७५० सालीं मुंबईस पाणी उपसून कोरडी करतां येणारी गोदी झाली. आशिया खंडांतली ती पहिली म्हणतात. लवजींचे नातू जमशेटजी बोमनजी यांच्या हाताखालीं या गोदींतून इंग्रजी आरमाराचीं मोठमोठीं जहाजें निघालीं. १८४२ सालीं इंग्रज व चीन यांचा नानकिंगचा तह ज्यावर झाला, तें 'कॉर्नवॉलिस' त्यांपैकींच होय. टेम्स नदीकांठच्या जहाजवाल्यांनीं हिंदुस्थानांत बांधलेल्या जहाजांविरुद्ध पुष्कळ ओरड केली. आपल्या पोटावर पाय येईल असें त्यांस वाटलें, यावरूनच मुंबईच्या कामाची योग्यता कळावी.

'त्रिंकोमाली' बांधण्याचा हुकूम १८१२ सालीं निघाला, आणि तिचे नकाशे 'जावा' नांवाच्या जहाजावर घालून मुंबईस पाठविण्यांत आले. ते पोंचलेच नाहींत! त्याच वर्षीं २९ डिसेंबर रोजीं ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या फ्रिगेटीनें 'जावा'ला गांठलें आणि तिचा फडशा पाडला. नकाशे गेले, आणि नवे येऊन काम सुरू व्हावयास १८१६ साल उजाडलें. 'जावा'वर मुंबईकडे येणारे एक सेनापतीहि होते, टॉमस हिस्लॉप. ते अमेरिकनांच्या हातीं सांपडले व सुटले. पांच वर्षांनीं महिदपुरास होळकरांच्या फौजेचा मोड करणारा हिस्लॉप तो हाच. हें दादांनींच आम्हांस सांगितलें. तक्त्यावर ती हकीकत वाचून त्यांची इतिहासशिक्षकाची वृत्ति जागी झाली होती.

जहाजाच्या कण्याचें मुख्य लांकूड बसवितांना जमशेटजींनीं त्यांत अक्षरें कोरलेला चांदीचा खिळा आपल्या हातानें ठोकला. जहाजाचें कल्याण व्हावें म्हणून तसें करण्याची पारशांची चाल होती. आपल्याकडे घराचा पाया घालतांना आपण जें करतों, त्यांतलाच हा भाव. पुढें दीड वर्षभर सुतार खपत होते, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं जहाज पाण्यांत उतरलें.

ही तारीख वाचून दादा बराच वेळ बोलले नाहींत. मग बोटांवर मोजून म्हणाले, "चोवीस दिवस. यानंतर बरोबर चोवीस दिवसांनीं, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई." मुंबईस आनंदानें जहाज पाण्यांत सोडलें जात असतां पुण्यास काय चाललें असेल, हें आम्हां तिघांच्याहि मनांत एकदमच आलें. पेशव्यांच्या शनिवारवाड्यालाहि सागच वापरला होता, तो जुन्नरच्या रानांतला. तो वाडा १८२८ सालीं जळाला, आणि आज त्याचीं जोतीं तेवढीं उरलीं आहेत. त्याच जातीचें लांकूड इकडे परक्यांच्या गोदींत शाबूत होतें.

जहाजांत उतरतांना एकेका मजल्यागणिक उजेड कमी होत जातो. तोफांच्या मजल्यावर वारा तरी खेळतो. त्याखालीं खलाशांचा मजला, तेथें मान वांकवूनच चालावें लागतें. तेथें झोळ्या टांगून शेंकडों माणसें खेटून निजत, आणि तेथेंच जेवत. त्याच्याहि खालीं पाण्याचीं पिंपें, दारूगोळा आणि शिधा ठेवण्याचें तळघर. एके ठिकाणीं रंग न दिलेलें जुनें लांकूड उघडें होतें. वहिनींनीं त्यावर हात फिरविला आणि हलकेंच म्हणाल्या, "आपल्या कोंकणांतल्या घरचा माजघरांतला खांब हाताला असाच लागतो." दादांनींहि हात लावून पाहिला. ज्या सुतारांनीं हें लांकूड तासलें, त्यांचीं नांवें कोठें लिहिलेलीं नाहींत. जमशेटजींचें नांव राहिलें, तेंहि पुष्कळच म्हणावयाचें.

ज्या युद्धासाठीं हें जहाज मागविलें, तें १८१५ सालींच संपलें होतें. इंग्लंडास जातांना जानेवारी १८१९ मध्यें तें सेंट हेलेना बेटापाशीं थांबलें. ज्याच्याशीं लढावयाचें, तो नेपोलियन त्या वेळीं तेथें कैदेंत होता. त्यास पाहून आलेला एक शस्त्रवैद्य तेवढा बरोबर घेऊन तें पुढें गेलें. ३० एप्रिल रोजीं पोर्टस्मथ येथें पोंचल्यावर त्याच्या डोलकाठ्या उतरवून ठेवण्यांत आल्या, आणि १८४५ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षांहून अधिक काळ, तें नुसतें पडून राहिलें. पाइनचें जहाज एवढ्या काळांत कुजून गेलें असतें. हें कुजलें नाहीं; म्हणून त्याची मागची बाजू नव्या घाटाची करून, तोफा कमी पण अधिक जड बसवून, १८४७ सालीं त्यास समुद्रावर धाडलें.

पुढील दहा वर्षें त्याच्या नोकरीचीं. पहिलीं तीन वर्षें उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीज या बाजूस. तेथें गुलामांचा चोरटा व्यापार अडविण्याचें चांगलें काम त्याच्या वांट्यास आलें. १८५२ नंतर तें पॅसिफिक महासागरांत गेलें. रशियाशीं क्रिमियाचें युद्ध चालू असतां १८५४ सालीं पेट्रोपाव्हलोव्हस्क बंदरावर हल्ला झाला, पण त्यांत तें वेळेवर पोंचूं शकलें नाहीं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर एका खाडीला आजहि त्याचें नांव आहे. त्याच बाजूस १८५६ सालीं व्हँकूव्हर बेटावरील गव्हर्नर डग्लस यानें या जहाजावरून फौज नेऊन कौइचन लोकांच्या मुलुखांत उतरविली, आणि एका गोऱ्या वसाहतवाल्यावर गोळी झाडल्याबद्दल त्यांच्यांतल्या एकास त्याच्याच लोकांदेखत फांशीं दिलें. मुंबईच्या सुतारांस ही गोष्ट कधीं कळली नसेल. कळली असती तर त्यांस काय वाटलें असतें, असा विचार आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

त्यानंतर जहाज शिकाऊ खलाशांच्या कवाइतीसाठीं ठेवलें गेलें. त्यांतलीं पंधराएक वर्षें, १८६२ पासून, तें याच हार्टलपूलला होतें. १८९७ सालीं आरमारानें तें मोडींत विकलें. त्याच वर्षीं जॉर्ज व्हीटली कॉब या गृहस्थांचें 'फूद्रोयां' नांवाचें, नेल्सनच्या स्वारीचें जुनें जहाज वादळांत सांपडून फुटलें होतें. त्यांनीं हें घेऊन डागडुजी केली आणि त्यास 'फूद्रोयां' हें आपल्या बुडालेल्या जहाजाचें नांव दिलें. पुढें १९८६ पर्यंत फॅलमथ आणि पोर्टस्मथ येथें हजारों मुलामुलींनीं त्यावर झोळ्यांत निजून समुद्रविद्येचे पहिले धडे घेतले. शेजारींच 'इम्प्लॅकेबल' नांवाचें ट्रॅफल्गरच्या लढाईंतलें जहाज होतें. त्याचें लांकूड गेलें, दुरुस्तीचा खर्च सोसेना, म्हणून १९४९ च्या डिसेंबरांत तें समुद्रांत बुडविण्यांत आलें. लढाईंत नांव कमावलेलें जहाज बुडालें, आणि जें कधीं मोठ्या लढाईंत पडलें नाहीं तें राहिलें.

१९८७ सालीं तें पुन्हां हार्टलपूलला आलें, १९९२ सालीं त्याचें मूळ नांव त्यास परत मिळालें, आणि अकरा वर्षांच्या खटपटीनें २००१ सालीं दुरुस्ती पुरी झाली. बंद पडलेल्या कारखान्यांच्या या गांवाला लोखंड आणि लांकूड हाताळणाऱ्या माणसांची वाण नव्हती. त्यांनीं काम सुरू केलें तेव्हां जहाजाच्या अंगाचा निम्म्याहून अधिक भाग मुंबईहून निघालेलाच होता. नेल्सनचें 'व्हिक्टरी' याहून जुनें आहे, पण तें कोरड्या गोदींत उभें असतें. पाण्यावर तरंगणारें इंग्लंडचें सर्वांत जुनें लढाऊ जहाज हेंच. आणि साऱ्या जगांत याहून जुनें असें तरंगतें लढाऊ जहाज एकच आहे, अमेरिकेंतल्या बॉस्टन बंदरांतलें 'कॉन्स्टिट्यूशन'. ज्यानें याचे नकाशे समुद्रांत घालविले, तेंच तें!

बाहेर येऊन आम्ही गोदीच्या कांठावर बांकावर बसलों. वहिनींनीं बरोबर आणलेल्या दशम्या सोडल्या. दादांचा राग कोठें गेला होता कोण जाणे. ते म्हणाले, "मी उगाच इंग्रजांवर चिडलों होतों. १७५६ सालीं विजयदुर्गाखालीं आंग्र्यांचें आरमार जळालें, तें कोणीं जाळलें? इंग्रजांनीं जाळलें, पण त्यांस बोलावून बरोबर घेणारे आपलेच पेशवे होते. घरचें भांडण मिटविण्यासाठीं आपण समुद्र दुसऱ्याच्या हवालीं केला. लांकूड होतें, सुतार होते, बंदरें होतीं. मग हात दुसऱ्याच्या कामास लागले, त्यांत हातांचा काय दोष?"

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आणि तें सुचावें अशी दादांची अपेक्षाहि नसावी. आपल्या घराण्यांतून पेशव्यांविषयीं असें बोलणें सहज होत नाहीं. परंतु तें लांकूड हातानें चांचपून आल्यावर न बोलणेंहि खोटें झालें असतें. कसब अंगीं असणें ही एक गोष्ट, आणि तें कोणाच्या कामीं लावावयाचें हें ठरविण्याची सत्ता असणें ही दुसरी. मुंबईच्या गोदींत पहिली गोष्ट होती, दुसरी नव्हती.

पुतण्या मात्र तरुण आहे. त्यानें पुढची हकीकत सांगून मन हलकें केलें. मुंबईच्या माझगांव गोदींत १९६८ सालीं 'निलगिरी' ही स्वतंत्र हिंदुस्थानांत बांधलेली पहिली मोठी लढाऊ फ्रिगेट पाण्यांत सोडण्यांत आली, आणि ३ जून १९७२ रोजीं ती आरमारांत दाखल झाली. तिचा नमुना अजून इंग्रजांचाच होता. त्याच नांवाची नवी 'निलगिरी' १५ जानेवारी २०२५ रोजीं मुंबईस दाखल झाली, आणि तिचा आराखडा आपल्याच आरमारानें आंखलेला आहे. त्याच दिवशीं तिच्याबरोबर दाखल झालेल्या दुसऱ्या जहाजाचें नांव 'सुरत'. लवजी सुतार जेथून आले, तें गांव.

परततांना गाडींत दादांनीं खिशांतून डायरी काढून जहाजाच्या तारखा टिपून ठेवल्या. गांवीं गेल्यावर शाळेंतल्या मुलांना सांगावयाच्या म्हणाले. वाचकांपैकीं कोणाचीं मुलें किंवा पुतणे इंग्लंडच्या उत्तर भागांत असतील, त्यांनीं एक दिवस मोकळा ठेवून हें स्थळ अवश्य पाहावें, आणि जमल्यास घरच्या वडील माणसांस बरोबर न्यावें. जहाजांतल्या पायऱ्या उभ्या आहेत. तेवढी मात्र काळजी घ्यावी.